रेडिओवरील संगीताचे ध्वनिमुद्रण

रेडिओ केंद्रावरून प्रक्षेपित होणारे गायन वा वादन श्रोत्याने आपल्या ग्राहीवर (रेडिओ संचावर) ग्रहण करून ते तबकडी, चुंबकीय फीत किंवा अंकीय स्मृती यांसारख्या माध्यमावर साठविणे, यास रेडिओवरील संगीताचे ध्वनिमुद्रण म्हणतात. कलावंतासमोर मायक्रोफोन ठेवून केलेल्या मुद्रणाहून ते मूलतः भिन्न आहे. येथे मुद्रण करणाऱ्याच्या हाती मूळ ध्वनी येत नाही. अनेक टप्प्यांतून प्रवास करून आलेला विद्युत् संकेत तेवढा येतो. केंद्रातील मायक्रोफोन, जोडवाहिन्या, प्रेषक, अवकाशातील मार्ग, आकाशक, ग्राही, मुद्रणयंत्र व माध्यम अशी ही साखळी असते. साखळीतील सर्वांत दुबळ्या दुव्याहून मुद्रणाची गुणवत्ता अधिक असू शकत नाही. एखाद्या टप्प्यावर नाहीसा झालेला ध्वनीचा अंश पुढील कोणत्याही उपकरणाने परत आणता येत नाही. उलट प्रत्येक टप्पा आपला काही गोंगाट व आपली काही विकृती त्यात मिसळतो.

हा विषय केवळ हौसेपुरता मर्यादित नाही. ध्वनिफीत महाग असल्यामुळे जगातील अनेक प्रसारण संस्था प्रक्षेपण झाल्यावर फिती पुसून पुन्हा वापरीत असत आणि प्रारंभीच्या काळातील पुष्कळसे कार्यक्रम तर मुद्रित न होता प्रत्यक्ष प्रक्षेपित होत. त्यामुळे कित्येक मैफलींचा आज उपलब्ध असलेला पुरावा म्हणजे कोणा श्रोत्याने घरी केलेले मुद्रण एवढाच आहे. असे मुद्रण निर्दोष नसले, तरी त्यातील दोष कोठून आले हे कळल्यास ते कसे ऐकावे, कसे सुधारावे व कसे जपावे हे ठरविता येते.

इतिहास : रेडिओवरून संगीत टिपण्याचे प्रयत्न १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत व यूरोपात सुरू झाले. त्या वेळी ॲल्युमिनियमच्या तबकडीवर किंवा लाखेसारखा मऊ थर दिलेल्या तबकडीवर खोबण कोरून तत्काळ मुद्रण करीत. न्यूयॉर्क येथील ध्वनिमुद्रण अभियंते विल्यम सॅव्हरी यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवरील जॅझ वादन मोठ्या तबकड्यांवर टिपून ठेवले होते. बाजारातील ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-चार मिनिटांचेच वादन मावत असे. सॅव्हरी यांच्या तबकड्यांवर मात्र त्याहून दीर्घ व मोकळे वादन आढळते. हा संग्रह २०१० मध्ये हार्लेम येथील राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाकडे आला, तेव्हा त्याचे महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले.

चुंबकीय फितीवर मुद्रण करणारे ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र १९३५ मध्ये बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात मांडण्यात आले. जर्मन रेडिओतील वाल्टर वेबर व हान्स योआखिम फोन ब्राउनम्यूल यांनी १९४० मध्ये मुद्रणाच्या संकेताबरोबर उच्च कंप्रतेचा साहाय्यक प्रवाह शीर्षास देण्याची पद्धत उपयोगात आणली. हा प्रवाह ‘बायस’ या नावाने ओळखला जातो. त्यामुळे फितीवरील गोंगाट व विकृती एवढी घटली, की मुद्रित व प्रत्यक्ष कार्यक्रम यांतील भेद श्रोत्यास ओळखता येईना. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र सर्वत्र पसरले. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिन येथे छोटी बंदिस्त कॅसेट सादर केली आणि ध्वनिमुद्रण सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले.

भारतात या विषयाचा संबंध मुख्यतः आकाशवाणीशी येतो. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम व १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन सुरू झाले. १९५७ मध्ये विविध भारती अवतरली. शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम हा लहान गावांतील रसिकांना थोर गायक-वादकांचे दीर्घ गायन-वादन ऐकण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग होता. तबकडीवर काही मिनिटांत आवरलेला राग तेथे विस्ताराने ऐकू येई आणि तो टिपून ठेवण्याची इच्छा अभ्यासकांना होणे स्वाभाविक होते. प्रारंभी मोठ्या रिळांची टेपयंत्रे थोड्याच घरी होती. १९७० नंतरच्या दशकात आखाती देशांतून परतणाऱ्यांनी आणलेली कॅसेटयंत्रे व पुढे देशात तयार झालेली यंत्रे यांमुळे रेडिओवरून मुद्रण करणे ही घरोघरची गोष्ट झाली.

संगीताच्या गरजा : निरोगी तरुण कानास सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. गायकाच्या स्वरांच्या मूळ कंप्रता बहुतांशी १०० ते १,००० हर्ट्‌झ यांच्या दरम्यान असतात; परंतु आवाजाची ओळख पटते ती मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या व त्याच्या पटीत असणाऱ्या उच्च कंप्रतेच्या उपस्वरांमुळे. ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा बरीचशी ४,००० हर्ट्‌झच्या पलीकडे असते. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग व तारेखाली सरकविलेला धागा यांमुळे जी जवारी लागते, ती म्हणजे अशा उच्च उपस्वरांचा झोतच होय. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा व वीणा यांच्या या गुणधर्माचा अभ्यास करून १९२१ मध्ये तो प्रसिद्ध केला. तबल्याच्या चाटीवरील बोलाचा आरंभ क्षणार्धाचा असतो व त्यातही उच्च कंप्रता विपुल असतात. म्हणून उच्च कंप्रता कापल्या गेल्या, तर राग, बंदिश व लय ओळखू येतात. पण तंबोरा निस्तेज होतो, तबल्याच्या बोलांची धार जाते आणि सारंगीचा आवाज गळ्यात मिसळून जातो.

दुसरी गरज ध्वनिपातळीच्या व्याप्तीची. ख्यालाच्या आरंभीचा मंद्र सप्तकातील आलाप आणि द्रुत लयीतील तान यांच्या पातळींत पुष्कळ अंतर असते. हे अंतर म्हणजेच मांडणीचा चढता क्रम असल्यामुळे ते मुद्रणात टिकले पाहिजे. तिसरी गरज वेगाच्या स्थैर्याची. तंबोऱ्याचा षड्‌ज अखंड चालू असल्यामुळे फितीच्या वेगातील अल्पसा चढउतारही हिंदुस्थानी संगीतात चटकन जाणवतो. सतारीच्या जोडाच्या तारा व सरोद यांच्या बाबतीतही तसेच घडते.

केंद्रातील टप्पे : श्रोत्याच्या घरापर्यंत संकेत पोहोचण्यापूर्वीच त्यावर अनेक संस्कार झालेले असतात. प्रेषकावर मर्यादेबाहेर भार पडू नये म्हणून मोठा आवाज आपोआप दाबणारी मंडले केंद्रात बसविलेली असतात. मध्यमलहरींवरील आवाज गोंगाटाच्या वर राहावा यासाठी हळू आवाज उचललाही जातो. व्यापारी केंद्रे आपला आवाज इतरांहून ठसठशीत वाटावा म्हणून हे दाबणे फार पुढे नेतात. अशा प्रक्षेपणातून आलाप व तान यांतील मूळ अंतर श्रोत्यास परत मिळविता येत नाही.

एका ठिकाणचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्राने सहक्षेपित केल्यास जोडवाहिनीची मर्यादा त्यास लागू होते. १९८० नंतरच्या दशकात उपग्रहाद्वारे केंद्रे जोडली जाण्यापूर्वी दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम अनेक केंद्रे लघुलहरींवर ग्रहण करून किंवा दूरध्वनीच्या तारांद्वारे घेऊन आपल्या प्रेषकावरून पुन्हा प्रक्षेपित करीत. त्यामुळे जवळच्या केंद्रावरून अगदी स्वच्छ संकेत मिळूनही मुद्रणात लघुलहरींची घरघर व आवाजाची लाट उतरलेली आढळते. असे दोष श्रोत्याच्या यंत्राचे नव्हेत, हे जुन्या मुद्रणांचे परीक्षण करताना लक्षात घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७२ पासून आपल्या केंद्रांना जोडण्यासाठी अंकीय वाहिन्या वापरण्यास आरंभ केला. त्यायोगे १५,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी दूरच्या प्रेषकापर्यंत फारसा न बिघडता पोहोचू लागला.

मध्यमलहरींवरील ग्रहण : मध्यमलहरी व लघुलहरी यांवर वाहक तरंगाचा परमप्रसर (तरंगाची कमाल उंची) ध्वनीनुसार कमीजास्त करून संदेश पाठवितात. या पद्धतीस एएम म्हणतात. १९७५ मधील जिनीव्हा योजनेनुसार आशिया, यूरोप व आफ्रिका या खंडांत मध्यमलहरींवरील लगतच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्‌झ अंतर ठेवण्यात आले व ते नोव्हेंबर १९७८ पासून अंमलात आले. वाहक तरंगाच्या दोन्ही बाजूंस ध्वनीच्या कंप्रतांचे पट्टे पसरत असल्यामुळे शेजारच्या केंद्राशी गल्लत न होऊ देता मिळणारी ध्वनीची मर्यादा सु. ४,५०० हर्ट्‌झ एवढीच राहते. सामान्य ग्राहीमध्ये तर ती आणखी खाली येते. म्हणून मध्यमलहरींवरून केलेल्या मुद्रणात जवारीचा वरचा भाग असण्याची शक्यताच नसते. तो मुद्रणानंतर उच्च कंप्रता वाढवून निर्माण करता येत नाही, केवळ गोंगाट वाढतो.

वीज चमकणे, विजेची बटणे, ट्यूब दिवे, पंख्यांचे नियंत्रक, वाहनांतील ठिणग्या यांपासून निघणारे तरंगही परमप्रसरावरच परिणाम करतात. त्यामुळे ते एएम ग्राहीत थेट शिरतात. वळवाच्या दिवसांत केलेल्या मुद्रणांत कडकडाट ठिकठिकाणी ऐकू येतो तो यामुळेच. सूर्यास्तानंतर आयनांबरातील सर्वांत खालचा शोषक थर विरतो व मध्यमलहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. भूपृष्ठालगत आलेला तरंग व वरून परतलेला तरंग एकमेकांत मिसळल्यामुळे आवाज वरखाली होतो. वाहक तरंग क्षीण होऊन बाजूचे पट्टे तसेच राहिले, तर स्वर फाटल्यासारखा ऐकू येतो. त्याच वेळी एकाच कंप्रतेवरील दूरची केंद्रे पार्श्वभूमीवर कुजबुजू लागतात. संगीताचे महत्त्वाचे कार्यक्रम रात्रीचे आणि मध्यमलहरींची ही अवस्थाही रात्रीचीच, असा हा योग आहे. म्हणून मुद्रणासाठी दूरच्या बलवान केंद्रापेक्षा जवळचे केंद्र निवडणे इष्ट ठरते; कारण तेथे भूपृष्ठालगतचा तरंग वरचढ असतो. ग्राहीतील फेराइट दांड्याचा आकाशक दिशाप्रवण असल्यामुळे संच हळूहळू फिरवून नको असलेले केंद्र किंवा जवळचा गोंगाट पुष्कळसा वगळता येतो. हा उपाय बिनखर्चाचा असून त्याचा उपयोग फार होतो.

एफएम ग्रहण : वाहक तरंगाचा परमप्रसर कायम ठेवून त्याची कंप्रता ध्वनीनुसार बदलण्याच्या पद्धतीस एफएम म्हणतात. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्यांना या पद्धतीची एकस्वे २६ डिसेंबर १९३३ रोजी मिळाली. ग्राहीमध्ये परमप्रसरातील चढउतार छाटून टाकता येत असल्यामुळे विजेचा कडकडाट व यंत्रांचा गोंगाट यांपासून ही पद्धत बऱ्याच अंशी मुक्त असते. ८८ ते १०८ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात प्रत्येक केंद्रास भरपूर रुंदी देता येते आणि १५,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी पाठविता येतो. भारतात पहिले एफएम प्रक्षेपण २३ जुलै १९७७ रोजी मद्रास (चेन्नई) येथे सुरू झाले. त्याचा व्यापक प्रसार १९९० नंतर झाला. म्हणजे आकाशवाणीवरील थोर गायकांच्या एका संपूर्ण पिढीचे गायन श्रोत्यांनी टिपले ते मुख्यतः मध्यमलहरींवरून होय.

दोन कर्णध्वनींचे म्हणजे स्टीरिओ एफएम प्रक्षेपण अमेरिकेत १ जून १९६१ पासून सुरू झाले. त्यात डाव्या व उजव्या संकेतांची बेरीज नेहमीप्रमाणे व वजाबाकी ३८ किलोहर्ट्‌झच्या उपवाहकावर पाठवितात. ग्राहीस दिशा दाखविण्यासाठी १९ किलोहर्ट्‌झचा मार्गदर्शक संकेत जोडलेला असतो. या रचनेमुळे एकेरी ग्राही असलेल्या श्रोत्याचे नुकसान होत नाही. परंतु तेवढ्याच बलाच्या संकेतात स्टीरिओ ग्रहणातील गोंगाट एकेरी ग्रहणाहून सु. २० डेसिबेलांनी अधिक असतो. दूरच्या किंवा क्षीण केंद्रावरून मुद्रण करताना संच एकेरी ग्रहणावर ठेवल्यास फुसफुस लगेच मावळते. एका कंठाच्या संगीतात दिशाभासाचे मोल थोडे व शांततेचे मोल अधिक असल्यामुळे हा सौदा बहुधा लाभदायक ठरतो.

एफएमचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. उंच इमारती व डोंगर यांवरून परावर्तित झालेला तरंग सरळ आलेल्या तरंगानंतर किंचित उशिरा पोहोचल्यास तारस्वर व ‘स’कार करकरीत होतात. मुंबईसारख्या शहरात प्रेषक जवळ असूनही आवाज बिघडतो त्याचे कारण संकेताची दुर्बलता नसून ही परावर्तने असतात. संचाचा विवर्धक वाढवून हा दोष जात नाही. घराबाहेर, शक्य तेवढ्या उंचीवर, प्रेषकाच्या दिशेने रोखलेला दिशाप्रवण आकाशक हाच त्यावर खरा उपाय होय.

ग्राही व मुद्रणयंत्र यांची जोडणी : प्रारंभी बहुतेकांनी रेडिओच्या लाउडस्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवून मुद्रण केले. त्यात लाउडस्पीकरचे व खोलीचे दोष मिसळतात आणि भांड्यांचा आवाज, दारावरची कडी, रस्त्यावरील हाका याही कायमच्या नोंदल्या जातात. ग्राहीतील ज्या मंडलात वाहक तरंगातून ध्वनी वेगळा केला जातो, त्याच्या लगेच पुढून तारेने संकेत घेणे ही योग्य रीत होय. तेथे आवाज लहानमोठा करण्याच्या खुंटीचा व लाउडस्पीकरच्या विवर्धकाचा परिणाम होत नाही. पुष्कळ ग्राहींवर यासाठी स्वतंत्र जोडछिद्र असते. निर्वात नलिकांच्या काही जुन्या संचांत रोहित्र नसे व त्यांचा धातूचा सांगाडा थेट वीजपुरवठ्यास जोडलेला असे. अशा संचास मुद्रणयंत्र सरळ जोडणे प्राणघातक ठरू शकते. विलगकारी रोहित्राखेरीज ती जोडणी करू नये.

ग्राही व मुद्रणयंत्र एकाच पेटीत असले, तर वेगळीच अडचण उद्भवते. मुद्रणासाठी लागणाऱ्या साहाय्यक प्रवाहाची कंप्रता सामान्यतः काही दशक किलोहर्ट्‌झ असते. तिच्या पटीतील कंप्रता मध्यमलहरींच्या पट्ट्यात येऊन केंद्राच्या वाहक तरंगाशी मिसळतात व अखंड शीळ उमटते. ती ऐकताना येत नाही, मुद्रण चालू केल्यावरच येते. त्यामुळे पुष्कळांना तिचे कारण उमगत नसे. अशा यंत्रांवर साहाय्यक प्रवाहाची कंप्रता किंचित सरकविणारे एक बटण दिलेले असे. ते दोन्ही स्थितींत फिरवून, थोडे मुद्रण करून पाहून, शीळ नसलेली स्थिती निवडावी लागे.

पातळीचे नियंत्रण : मुद्रणाची पातळी फार कमी ठेवल्यास स्वर माध्यमाच्या गोंगाटात बुडतो व फार जास्त ठेवल्यास तो फाटतो. यासाठी चांगल्या यंत्रांवर काट्याचा दर्शक व हाताने फिरवावयाची खुंटी असते. घरगुती कॅसेटयंत्रांत मात्र बहुधा पातळी आपोआप राखणारे मंडल असे. भाषणाच्या मुद्रणास ते सोयीचे असले, तरी रागसंगीताचे त्याने फार नुकसान केले आहे. आरंभीचा हळू आलाप ते वर उचलते व त्याबरोबर तंबोरा आणि रेडिओची घरघरही वर येते. तान सुरू होताच ते सर्व दाबते. समेवरील जोरदार थापेसरशी पातळी खाली जाते व नंतर तंबोरा हळूहळू फुगत वर येतो. अशा मुद्रणावरून कलावंताने आवाज कोठे राखला व कोठे मोकळा सोडला, यासंबंधी निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. हाताने नियंत्रण करणाऱ्यानेही आरंभी द्रुत लयीचा अंदाज घेऊन पातळी ठरवावी आणि मैफल चालू असता खुंटीस हात लावू नये.

फितीवरील मुद्रण : फितीचा वेग व मुद्रणपट्ट्याची रुंदी यांवर गुणवत्ता अवलंबून असते. मोठ्या रिळांच्या घरगुती यंत्रांत फितीची रुंदी ६.३ मिमी. व वेग सेकंदास ९.५ किंवा १९ सेंमी. असे. कॅसेटमध्ये फितीची रुंदी केवळ ३.८१ मिमी. व वेग ४.७६ सेंमी. असतो. या वेगाने १०,००० हर्ट्‌झ कंप्रतेच्या एका आवर्तनास फितीवर ०.००५ मिमी. पेक्षाही कमी जागा मिळते. मुद्रणशीर्षाची फट फितीच्या दिशेशी अचूक काटकोनात नसेल किंवा शीर्षावर धूळ बसली असेल, तर हे सूक्ष्म आलेखन प्रथम नाहीसे होते. शीर्ष स्वच्छ ठेवणे हा म्हणूनच गुणवत्ता टिकविण्याचा सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित उपाय होता.

फितीची फुसफुस कमी करण्यासाठी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या डॉल्बी-बी पद्धतीत मुद्रणाच्या वेळी हळू उच्च स्वर उचलतात व ऐकताना ते तेवढेच खाली आणतात. त्याबरोबर फुसफुस सु. १० डेसिबेलांनी घटते. एफएम स्टीरिओतील १९ किलोहर्ट्‌झचा मार्गदर्शक संकेत गाळून टाकला नाही, तर ही यंत्रणा त्यालाच संगीत समजून फसते. यासाठी कॅसेटयंत्रांवर वेगळी गाळणी दिलेली असे.

कॅसेटच्या कालमर्यादेचाही परिणाम होई. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस, तर नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पंचेचाळीस मिनिटांत संपते. दीर्घ ख्यालात बाजू उलटण्यात काही आवर्तने हातची जात. एकशेवीस मिनिटांच्या कॅसेटमधील फीत केवळ ०.००९ मिमी. जाडीची असल्यामुळे ती ताणली जाई व गुंडाळीतील लगतच्या थरांवर चुंबकीय ठसा उमटून मोठ्या स्वरापूर्वी त्याचा फिकट प्रतिध्वनी ऐकू येई. दोन यंत्रांवर कार्यक्रमाचे आलटूनपालटून मुद्रण करणे हा यावरचा जाणत्यांचा उपाय होता.

वेगातील कायम फरकामुळे स्वरच सरकतो. फीत मुद्रणाच्या वेळेपेक्षा सु. ६ टक्के अधिक वेगाने चालविल्यास काळी एकमधील गायन पांढरी दोनमध्ये ऐकू येते, तसेच लयही चढते. काही यंत्रांची चलित्रे विजेच्या कंप्रतेनुसार फिरत. भारतात ही कंप्रता ५० हर्ट्‌झ ठरलेली असली, तरी पूर्वी ती बरीच ढळत असे. मुद्रणाच्या वेळी ती ४९ व ऐकताना ५० असेल, तर स्वर अर्धस्वराच्या सु. एक-तृतीयांशाने चढतो. एखाद्या गायकाचा षड्‌ज किंवा एखाद्या रागातील श्रुती जुन्या फितीवरून मोजणाऱ्या अभ्यासकाने ही शक्यता प्रथम तपासली पाहिजे.

अंकीय प्रक्षेपण व मुद्रण : अंकीय मुद्रणात ध्वनीचे दर सेकंदास हजारो नमुने घेऊन त्यांची मूल्ये आकड्यांत साठवितात. सोळा अंकस्थानांच्या मुद्रणात मोठ्यात मोठा ध्वनी व गोंगाट यांतील अंतर सु. ९६ डेसिबेल येते. साध्या कॅसेटमध्ये ते सु. ५० डेसिबेल असे. वेगाचा दोष जवळजवळ उरत नाही. मात्र फितीवर अधिक पातळीची विकृती हळूहळू वाढते, तर अंकीय मुद्रणात कमाल मूल्य ओलांडताच स्वर एकदम छाटला जातो. म्हणून कमाल पातळीच्या खाली १० ते १२ डेसिबेल जागा मोकळी ठेवतात.

अंकीय प्रक्षेपणात कडकडाट व आवाजाची लाट नसते. त्याऐवजी दुसरी मर्यादा असते. वाहिनीची जागा वाचविण्यासाठी कानास जाणवणार नाहीत असे मानलेले अंश संक्षेपणाने वगळलेले असतात. संक्षेपण फार झाल्यास तंबोऱ्याचा अखंड झंकार पाण्याखालून आल्यासारखा डळमळतो व टाळ-घुंगरांचा आवाज विस्कटतो. बीबीसीने २०१० मध्ये आपल्या अभिजात संगीताच्या वाहिनीसाठी महाजालावर सेकंदास ३२० किलोबिट एवढा मोठा प्रवाह देऊ केला, तो याच कारणास्तव होय. भारतात आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या डिसेंबर २००४ पासून थेट घरी पोहोचणाऱ्या उपग्रह सेवेवर उपलब्ध झाल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून ‘रागम्’ ही शास्त्रीय संगीताची अहोरात्र वाहिनी सुरू झाली. अशा प्रक्षेपणाचे मुद्रण करताना आलेला आकड्यांचा प्रवाह जसाच्या तसा साठवावा. तो ध्वनीत रूपांतरित करून पुन्हा संक्षेपित केल्यास दोन्ही वेळची हानी एकत्र येते.

जुन्या मुद्रणांचे जतन : घरोघरी पडून असलेल्या फितींचे आयुष्य मर्यादित आहे. दमट हवेत फितीवर बुरशी येते. काही फितींतील चिकटद्रव्य ओलावा शोषून चिकट होते व फीत शीर्षास घासत, किंचाळत चालते. कोकणासारख्या प्रदेशात हा धोका विशेष असतो. फीत सुस्थितीत चालविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. म्हणून अशा फितींचे अंकीय माध्यमावर पुनर्मुद्रण करणे निकडीचे झाले आहे.

पुनर्मुद्रणाच्या वेळी शीर्षाचा कोन प्रमाणाप्रमाणे न ठेवता, ज्या यंत्रावर मूळ मुद्रण झाले त्याच्या कोनाशी जुळवावा लागतो. उच्च स्वर जेथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतील ती योग्य स्थिती समजतात. मुद्रण डॉल्बी पद्धतीने झाले होते किंवा कसे, हे ठरवून मगच त्याप्रमाणे वाचन करावे. अभिलेखागारांत चोवीस अंकस्थानांचे व सेकंदास किमान ४८,००० नमुन्यांचे असंक्षेपित मुद्रण इष्ट मानतात. गोंगाट काढून टाकणारी संगणकीय साधने या मूळ प्रतीवर वापरू नयेत. फुसफुस आणि तंबोऱ्याची जवारी यांचा पट्टा बराचसा एकच असल्यामुळे एकीबरोबर दुसरीही जाते. शुद्ध केलेली प्रत वेगळी करावी व मूळ प्रत दोषांसह राखावी. आज न सुटणारा दोष पुढील काळातील साधनांना सुटू शकतो. पण पुसलेला स्वर परत येत नाही.

कायदेशीर बाजू : भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार प्रसारण संस्थेस आपल्या प्रक्षेपणाच्या पुनरुत्पादनाचा विशेष अधिकार असतो व तो प्रक्षेपणाच्या पुढील वर्षारंभापासून पंचवीस वर्षे टिकतो. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण या अधिकाराचा भंग मानले जात नाही. अशा मुद्रणाची विक्री किंवा सार्वजनिक प्रसार मात्र निराळा ठरतो. तेथे कलावंताचे व रचनाकाराचे स्वतंत्र अधिकारही विचारात घ्यावे लागतात.

नोंदी : मुद्रणाचे मोल त्याच्या ध्वनीइतकेच त्यासंबंधीच्या माहितीवर अवलंबून असते. केंद्र, लहरींचा पट्टा, दिनांक, कलावंत, साथीदार, राग व ताल यांची नोंद नसलेली फीत अभ्यासकास अर्धीच उपयोगी पडते. फीत वाचविण्यासाठी अनेकांनी कार्यक्रमाच्या आधीचे व नंतरचे निवेदन वगळून केवळ संगीत टिपले. त्यामुळे उत्तम स्थितीतील कित्येक मुद्रणांतील तबलावादक व सारंगीवादक आज अज्ञात राहिले आहेत. याउलट कर्कश, घरघरणाऱ्या एखाद्या फितीवर निवेदकाचे चार शब्द शिल्लक असतील, तर तिचे स्थान, काळ व त्या मैफलीतील साथीदारांची नावे निश्चित होतात. म्हणून निवेदन हा कार्यक्रमाचाच भाग समजून मुद्रण त्यापूर्वी सुरू करावे व ते संपल्यावर थांबवावे.